पांथरीची स्लाइड कशी वाचावी: धमनीचा माग काढत प्रतिकारपेशींपर्यंत

हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे ऊतींच्या सूक्ष्म रचनेच्या, प्रॅक्टिकलला लिम्फॉइड (प्रतिकारशक्तीच्या) अवयवांच्या चार स्लाइड हमखास असतात: लिम्फ नोड, थायमस, टॉन्सिल आणि पांथरी (स्प्लीन). पहिल्या तीन मुलांच्या डोळ्यांना हळूहळू सरावतात. पांथरीपाशी मात्र गाडी अडते. "सर, सगळीकडे लालसर पसारा आहे, मधूनच जांभळे ठिपके, कॉर्टेक्स कुठला आणि मेड्युला कुठला तेच कळत नाही," ही तक्रार मिरजेत शिकवताना दरवर्षी ऐकतो. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून मराठी शाळेत शिकून आलेली हुशार पोरं इंग्रजी वर्णनाशी झगडतात आणि शेवटी आकृती पाठ करून मोकळी होतात. पाठ केलेली आकृती जर्नलपुरती निभावते. परीक्षेत वेगळ्या कोनातून कापलेला सेक्शन (अवयवाचा पातळ काप) समोर आला की ती उपयोगी पडत नाही.

म्हणून हा लेख. स्लाइड डोळ्याला लावून, एकेक पायरी करत वाचावा अशा बेताने लिहिला आहे. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय सुरू केलं, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं; एवढी जुनी वैद्यकीय परंपरा असलेल्या गावात हे ज्ञान आपल्या भाषेत सहज उपलब्ध असावं असं मला मनापासून वाटतं. एमबीबीएस, बीएएमएस, नर्सिंग, प्राणिशास्त्र, यापैकी काहीही शिकत असाल तरी पायऱ्या त्याच.

सुरुवातीलाच मुख्य गोष्ट सांगतो. पांथरीला कॉर्टेक्स (बाहेरचा थर) आणि मेड्युला (आतला गाभा) नसतातच, त्यामुळे ते शोधण्यात वेळ घालवू नका. रक्ताची वाट धरा. लिम्फ नोड लिम्फ, म्हणजे ऊतींतून गोळा होणारा द्रव, गाळतो. त्याच्याकडे लिम्फ घेऊन येणाऱ्या वाहिन्या असतात आणि त्यावरून त्याची सगळी मांडणी ठरते. पांथरीकडे लिम्फ आणणाऱ्या वाहिन्या नाहीत. ती थेट रक्त गाळते. म्हणून तिच्यातली प्रतिकारपेशींची वस्ती धमनीच्या कडेने वसलेली आहे: धमनीला लागून टी पेशी, त्यांना चिकटून बी पेशींचे गोळे (दोन्ही लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकाराच्या पांढऱ्या पेशी), आणि धमनीच्या फांद्या जिथे संपतात तिथे मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी. धमनी सापडली की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

आधी खरी पांथरी हातात घ्या

स्लाइडआधी हे जरूर करा. ओळखीच्या मटणवाल्याला सकाळीच सांगून ठेवा. बकऱ्याची ताजी पांथरी तो काढून ठेवतो. (दुकानात तिला तिल्ली म्हणतात.) हातमोजे घाला, ट्रेमध्ये ठेवा आणि धारदार ब्लेडने एकाच सरळ फटक्यात आडवी कापा. करवतीसारखं मागे-पुढे केलंत तर मऊ भाग विस्कटतो.

कापलेला भाग गर्द लाल-जांभळा दिसतो. नळाखाली हलकेच धुऊन उजेडात तिरपा धरलात की त्या लाल भागात मोहरीहून बारीक पांढुरके ठिपके दिसू लागतात. हाच व्हाइट पल्प. मार्चेल्लो माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने १६६६ मध्ये या पांढऱ्या गोळ्यांचं वर्णन केलं. अजूनही त्यांना माल्पिगियन कॉर्पसल म्हणतात. आजूबाजूचा सगळा लाल भाग म्हणजे रेड पल्प. पांथरीचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग तोच व्यापतो.

आता ब्लेडची बोथट बाजू कापलेल्या पृष्ठभागावरून फिरवा. लाल लगदा खरवडून निघतो आणि खाली चिवट पांढरे धागे उरतात. हे ट्रॅबेक्युला, वरच्या आवरणापासून आत शिरलेले आधाराचे पट्टे. मोठ्या धमन्या आणि शिरा याच पट्ट्यांमधून आत-बाहेर करतात. एवढं एकदा बोटांनी अनुभवलं की स्लाइडवरचे गुलाबी पट्टे परके वाटत नाहीत.

माणसाची पांथरी पोटाच्या डाव्या बाजूला वर, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असते. मोठ्या माणसात वजन साधारण १५० ग्रॅम. निरोगी पांथरी सहसा हाताला लागत नाही. हिवतापाच्या जुन्या रुग्णात ती बरगडीखाली उतरून हाताला लागते, आणि त्याचं कारण पुढे रेड पल्पमध्ये मिळेल.

तुकडा वाचवणं: अर्धं यश इथेच

तयार स्लाइड वापरणाऱ्यांनी हा भाग चाळून पुढे जायला हरकत नाही. स्वतः स्लाइड बनवणाऱ्यांनी मात्र नीट वाचावा, कारण पांथरी लवकर नासते. तिच्यात रक्त भरपूर आणि पाचक एन्झाइम असलेल्या पेशीही भरपूर. एप्रिल-मेच्या सांगलीच्या उन्हात पिशवीत तासभर राहिली तरी पेशींची केंद्रकं पुसट होतात. फॉर्मालिनची बाटली बरोबर न्या आणि दुकानातच तुकडे करून टाका.

तुकडा ३ ते ४ मिलिमीटरपेक्षा जाड नको. रक्ताने भरलेल्या अवयवात फॉर्मालिन सावकाश शिरतं. जाड तुकडा बाहेरून टणक आणि आतून कच्चा राहतो. तुकड्याच्या आकारमानाच्या किमान दहापट द्रव घ्या, वीसपट असेल तर उत्तम. २४ तास ठेवा.

फॉर्मालिन बफर केलेलंच हवं. बाजारातलं ४० टक्क्यांचं फॉर्मालिन १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. हा खटाटोप पांथरीसाठी विशेष करायचा. नुसतं पाणी घालून पातळ केलेलं फॉर्मालिन काही दिवसांत आम्लधर्मी होतं, रक्तातल्या हिमोग्लोबिनशी त्याची क्रिया होते आणि सगळ्या सेक्शनभर तपकिरी-काळे कण पसरतात. मग हे रोगाचं लक्षण की रसायनाचा दोष, हे नवख्याला कळत नाही. असे कण आलेच, तर रंगवण्याआधी सेक्शन पिक्रिक ॲसिडच्या संपृक्त अल्कोहोल द्रावणात ठेवला की ते विरघळतात. पिक्रिक ॲसिड कोरडं पडलं तर स्फोटक असतं. बाटलीत ओलावा कायम राहील हे प्रयोगशाळेच्या जबाबदार माणसानेच बघायचं.

पुढे नेहमीप्रमाणे: ७० टक्क्यांपासून निर्जल अल्कोहोलपर्यंत चढती श्रेणी, झायलीन, मग ५८ ते ६० अंशांचं पॅराफिन मेण. पांथरी अल्कोहोलमध्ये जास्त वेळ राहिली तर ठिसूळ होते आणि मायक्रोटोमवर (पातळ काप काढायच्या यंत्रावर) तिच्यात आडव्या भेगा पडतात. अशा वेळी ब्लॉकचा कापायचा पृष्ठभाग थोडा वेळ बर्फाच्या पाण्यावर ठेवा, कापांची रिबन पुन्हा सलग येते. जाडी ३ ते ४ मायक्रोमीटर ठेवा. पांथरीत पेशी इतक्या दाटीने असतात की जाड सेक्शनमध्ये त्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि व्हाइट पल्पचे बारकावे हरवतात.

रंगवताना हिमॅटॉक्सिलिन (केंद्रकं निळी-जांभळी करणारं) आणि इओसिन (बाकीचं गुलाबी करणारं) हाच पाया. हिमॅटॉक्सिलिननंतर ॲसिड अल्कोहोलमध्ये क्षणभर बुडवून जादा रंग काढा आणि मग वाहत्या पाण्याखाली निळा होऊ द्या. आपल्याकडच्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात हे काम झटपट होतं. आरओच्या पाण्यात सेक्शन तांबूसच राहतो. इओसिन बेताने लावा. रेड पल्पमधल्या लाल पेशी इओसिन भरपूर ओढतात, आणि रंग जास्त झाला तर सायनसच्या (रक्ताच्या पोकळ्यांच्या) कडा दिसेनाशा होतात.

नुसत्या डोळ्यांनी, मग ४एक्सने

स्लाइड पांढऱ्या कागदावर धरा. गुलाबी पार्श्वभूमीवर विखुरलेले निळे-जांभळे ठिपके दिसले पाहिजेत. मघाशी हातातल्या पांथरीत जे पांढरे दिसले तेच हे. ताज्या अवयवात लिम्फोसाइटचे गोळे पांढरे दिसतात. हिमॅटॉक्सिलिनने त्यांची केंद्रकं रंगली की ते जांभळे होतात. परीक्षेत घाईघाईने स्लाइड मायक्रोस्कोपवर चढवण्याआधी हे दोन सेकंद द्या. अर्धं निदान इथेच होतं.

४एक्सवर (चारपट मोठं दाखवणाऱ्या भिंगावर) आधी कडेला जा. एका बाजूला गुलाबी आवरण दिसेल, कॅप्सूल. घट्ट तंतूंची बनलेली, बाहेरून पोटाच्या पोकळीतल्या चपट्या मेसोथेलियम पेशींचा एक थर. माणसाच्या कॅप्सूलमध्ये स्नायूतंतू अगदी थोडे असतात. बकरा, कुत्रा, घोडा यांच्यात ते भरपूर, म्हणून तिथे कॅप्सूल जाड दिसते. त्यांची पांथरी आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलू शकते. माणसात ती ताकद नगण्य. स्लाइड कुणाची आहे हे लेबलवर बघून ठेवा, कारण पुढे हाच फरक अनेकदा नडतो.

कॅप्सूलच्या लगेच खाली काय आहे ते थांबून बघा. लिम्फ नोड असता तर तिथे मोकळी फिकट जागा, सबकॅप्सुलर सायनस, दिसली असती. इथे कॅप्सूल संपली की थेट रेड पल्प सुरू. पांथरी आणि लिम्फ नोड यांच्यातला हा सगळ्यात भरवशाचा फरक.

आता कॅप्सूलपासून आत शिरणारे गुलाबी पट्टे, ट्रॅबेक्युला, नजरेने पकडा. काही कॅप्सूलला जोडलेले दिसतील. बरेचसे मध्येच सुटे, गोल किंवा लांबट बेटांसारखे. तेही जोडलेलेच आहेत, फक्त जोड सेक्शनच्या पातळीबाहेर राहिला. ट्रॅबेक्युलामध्ये वाहिनी आहे का बघा. जाड स्नायूची भिंत असलेली ती धमनी. शिरेला स्वतःची म्हणावी अशी भिंत नसते. एंडोथेलियमचा, म्हणजे वाहिनीच्या आतल्या अस्तराचा, एक थर आणि त्याबाहेर थेट ट्रॅबेक्युलाचे तंतू. मुलं या शिरेला भोक समजून सोडून देतात. सोडू नका. रक्ताचा प्रवास तिथेच संपणार आहे.

१०एक्स: मध्यधमनी आणि तिचं आवरण

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा.

ट्रॅबेक्युलातून धमनीची फांदी बाहेर पडते आणि बाहेर पडताक्षणी लिम्फोसाइट तिला चहूबाजूंनी वेढतात. आता तिचं नाव सेंट्रल आर्टरी, आणि तिच्या भोवतीच्या जांभळ्या आवरणाचं नाव पेरिआर्टेरियोलर लिम्फॅटिक शीथ, वर्गात सगळे म्हणतात तसं 'पाल्स'. हे आवरण प्रामुख्याने टी पेशींचं. त्या लहान, गोल, गडद केंद्रकाच्या आणि जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या. सोबत मधूनमधून फिकट केंद्रकाच्या डेंड्रायटिक पेशी, ज्या परक्या पदार्थाचे तुकडे टी पेशींना दाखवतात.

एक मोठासा जांभळा ठिपका १०एक्सच्या मध्यभागी आणा आणि त्यात लहानशी, जाडसर गुलाबी भिंतीची गोल वाहिनी शोधा. नाव 'सेंट्रल' असलं तरी ती बहुतेक वेळा एका बाजूला सरकलेली असते. कारण असं: पाल्सच्या एका कडेला बी पेशींचा गोळा, फॉलिकल, वाढत जातो आणि धमनी बाजूला ढकलली जाते. बाजूला सरकलेली धमनी असलेलं फॉलिकल, हीच पांथरीची सही. स्पॉटिंगला (स्लाइड ओळखण्याच्या परीक्षेत) ओळखीचा मुद्दा म्हणून हेच पहिलं लिहा.

धमनी दिसली नाही तर? पुढच्या ठिपक्याकडे जा. फॉलिकल गोळ्याच्या आकाराचं आणि धमनी त्याच्या कडेने जाणारी. सेक्शन गोळ्याच्या भलत्या भागातून गेला तर धमनी सुटते. तसंच कधी धमनी लांबीच्या दिशेने कापली जाते. मग गोल ठिपक्याऐवजी जांभळा लांबट पट्टा दिसतो, मधोमध दोन समांतर गुलाबी रेघा. फॉलिकल जवळ नसेल तर मुलांना वाटतं हा वेगळाच काही भाग. तो शुद्ध पाल्स आहे, आणि आवरण म्हणजे नेमकं काय हे समजायला यापेक्षा चांगलं दृश्य नाही. असा पट्टा मिळाला की मी अख्ख्या बॅचला बोलावून दाखवतो.

माणसाचा पाल्स उंदराइतका सुबक नसतो. उंदराच्या स्लाइडवर तो नीटनेटका, धमनीभोवती सारख्या जाडीचा. माणसात वेडावाकडा, कुठे जाड कुठे विरळ, कुठे जवळजवळ नाहीच. पुस्तकातल्या अनेक आकृत्या उंदरावरून काढलेल्या आहेत. त्यामुळे माणसाच्या स्लाइडवर तसा पाल्स दिसत नसेल तर तुमच्या नजरेत खोट काढू नका.

४०एक्स: फॉलिकलच्या आत

फॉलिकल दोन प्रकारची. सगळीकडे सारखं गडद जांभळं ते प्राथमिक, म्हणजे अजून कुठल्या परक्या पदार्थाशी गाठ न पडलेलं. नवजात बाळाच्या पांथरीत अशीच असतात. मध्ये फिकट भाग आणि भोवती गडद कडं असेल तर ते दुय्यम; मधला फिकट भाग म्हणजे जर्मिनल सेंटर. लहान मुलांच्या आणि तरुणांच्या पांथरीत ही केंद्रं भरपूर सापडतात, वयाबरोबर कमी होत जातात.

४०एक्स लावून जर्मिनल सेंटरमध्ये जा. पेशी मोठ्या, केंद्रकं मोठी आणि फिकट, काही पेशी विभागताना पकडलेल्या. बी पेशी इथे झपाट्याने वाढतात आणि त्यांच्या अँटिबॉडीची पकड सुधारत जाते. ज्यांची पकड जमली नाही त्या मरतात. मेलेल्या पेशी गिळणारे मॅक्रोफेज इथेच दिसतात: फिकट, मोकळं पेशीद्रव्य आणि त्यात गिळलेल्या केंद्रकांचे गडद तुकडे. फाइन फोकस थोडं वर-खाली करत राहा, एक तरी सापडतोच. याला टिंजिबल बॉडी मॅक्रोफेज म्हणतात, आणि तो दिसला म्हणजे तुम्ही जर्मिनल सेंटरमध्येच आहात याची खात्री.

आता बाहेर सरका. पहिला थर मँटल झोन: छोट्या, गडद, दाटीवाटीच्या बी पेशी. त्याबाहेर जांभळा रंग पुन्हा थोडा फिका होतो. हा मार्जिनल झोन. पेशी मँटलमधल्यांपेक्षा मध्यम मोठ्या, पेशीद्रव्य जास्त, म्हणून केंद्रकं एकमेकांपासून जरा लांब आणि एकूण रंग उजळ. आयरिस डायफ्राम थोडा बंद केलात तर ही सीमा जास्त स्पष्ट होते.

या फिकट पट्ट्याकडे मी सगळ्यात जास्त लक्ष वेधतो. व्हाइट आणि रेड पल्पच्या सीमेवर बसलेल्या या बी पेशी रक्तातून आलेल्या जंतूंना अगदी सुरुवातीला भिडणाऱ्या. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या जंतूंभोवती साखरेच्या रेणूंचं जाड कवच असतं, आणि त्या कवचाविरुद्ध टी पेशींच्या मदतीशिवाय झटपट आयजीएम अँटिबॉडी बनवण्यात या पेशी तरबेज. दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये हा थर पुरता पक्व झालेला नसतो. त्या वयात नुसत्या पॉलिसॅकराइडची लस नीट लागू पडत नाही आणि प्रथिनाला जोडलेली कॉन्ज्युगेट लस द्यावी लागते, त्यामागचं हे एक महत्त्वाचं कारण. अपघातात पांथरी फाटून काढावी लागलेल्या माणसाला याच तीन जंतूंविरुद्धच्या लसी का देतात तेही इथेच उलगडतं. शस्त्रक्रिया आधी ठरलेली असेल तर लस किमान दोन आठवडे आधी देतात, तातडीची झाली असेल तर साधारण दोन आठवड्यांनी.

उंदराच्या स्लाइडवर मँटल आणि मार्जिनल झोनच्या मध्ये मार्जिनल सायनस स्पष्ट दिसतो. माणसात तसा सायनस नाही. माणसाच्या स्लाइडवर तो शोधत बसू नका आणि जर्नलमध्ये काढूही नका.

रेड पल्प: दोरखंड आणि सायनस

धमनी व्हाइट पल्प सोडून रेड पल्पमध्ये शिरते आणि पेनिसिलर आर्टेरिओल नावाच्या बारीक फांद्यांत विभागते. त्यापुढच्या काही केशवाहिन्यांभोवती मॅक्रोफेजचं आवरण असतं. साध्या स्लाइडवर हा भाग शोधणं अवघड. पदवीपूर्व मुलांनी त्यापायी वेळ दवडू नये.

पुढचं मात्र नीट बघायचं. माणसात बरंचसं रक्त या केशवाहिन्यांच्या उघड्या तोंडातून थेट ऊतीत सांडतं. ज्या ऊतीत सांडतं ती म्हणजे बिलरोथ कॉर्ड: रेटिक्युलर तंतूंच्या (बारीक आधारतंतूंच्या) जाळ्यावर टेकलेले मॅक्रोफेज, लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी आणि लाल पेशी. कॉर्डच्या मधल्या फिकट, लांबट पोकळ्या म्हणजे सायनस. कॉर्डमधून निघालेल्या लाल पेशीला परत रक्तप्रवाहात जायचं तर सायनसच्या भिंतीतल्या फटीतून घुसावं लागतं.

ही भिंत समजली की पांथरीचं काम समजलं. आतून पोकळ राहील अशी बांधलेली उसाची मोळी डोळ्यासमोर आणा: ऊस लांबीच्या दिशेने, आणि थोड्या थोड्या अंतरावर बाहेरून आवळलेले आडवे बंध. सायनसच्या एंडोथेलियल पेशी अशाच लांब, सायनसच्या दिशेने शेजारी-शेजारी. बाहेरून रेटिक्युलर तंतूंच्या कड्या. दोन पेशींमध्ये अरुंद फटी. माणसाची लाल पेशी ७ मायक्रोमीटरहून थोडी मोठी आणि फट तिच्यापेक्षा कितीतरी अरुंद. तरुण, लवचीक पेशी अंग चोरून पार होते. १२० दिवसांच्या आसपास आयुष्य संपत आलेली, ताठर झालेली पेशी अडकते आणि कॉर्डमधला मॅक्रोफेज तिला गिळतो. पार होणाऱ्या पेशीत केंद्रकाचा उरलेला कण असेल तर तोही इथेच काढून घेतला जातो. पांथरी काढलेल्या माणसाच्या रक्ताच्या स्लाइडवर हॉवेल-जॉली बॉडी म्हणून तेच कण लाल पेशींमध्ये दिसतात.

४०एक्सवर आडवा कापलेला सायनस शोधा. त्याच्या कडेने गोलसर केंद्रकं आतल्या बाजूला फुगलेली, एकेक सुटी दिसतात. लांब पेशी आडव्या कापल्या गेल्याचा हा परिणाम. कॉर्डमध्ये प्लाझ्मा पेशीही शोधा: अंडाकृती, केंद्रक एका बाजूला, आणि केंद्रकातले गडद पुंजके कडेला घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे. जर्मिनल सेंटरमधून तयार होऊन आलेल्या या पेशी इथे बसून थेट रक्तात अँटिबॉडी सोडतात. व्हाइट आणि रेड पल्प ही दोन सुटी खाती नाहीत, हे या एका पेशीने पटतं.

मॅक्रोफेजमध्ये सोनेरी-तपकिरी कण दिसले तर ते बहुधा हिमोसिडेरिन, मोडलेल्या लाल पेशींचं साठवलेलं लोह. लोह दाखवणाऱ्या पर्ल्स रंगाने ते निळे होतात. फॉर्मालिनचे कण निळे होत नाहीत. हिवतापाचे काळसर कणही निळे होत नाहीत. तेही मॅक्रोफेजमध्येच साठतात आणि पिक्रिक ॲसिडच्या द्रावणात फॉर्मालिनच्या कणांपेक्षा बराच जास्त वेळ घेऊन विरघळतात. हिवतापात परजीवी शिरलेल्या लाल पेशी ताठर होतात, पांथरीत अडकतात, मॅक्रोफेज त्यांना गिळत राहतात आणि रेड पल्प वाढत जातो. डॉक्टरांच्या हाताला लागणारी पांथरी ती हीच.

स्लाइड बकऱ्याची असेल तर

दोन गोष्टी बदलतात. बकऱ्याची लाल पेशी पाळीव प्राण्यांत सगळ्यात लहान, ३ ते ४ मायक्रोमीटरच्या आसपास. लाल पेशीवरून बाकीच्या पेशींचा आकार मोजण्याची सवय असेल तर हिशेब दुपटीने चुकतो. दुसरं, रवंथ करणाऱ्या प्राण्यांत वर सांगितलेले ठळक सायनस नसतात. व्हाइट पल्प, सेंट्रल आर्टरी, ट्रॅबेक्युला यांच्या अभ्यासाला बकऱ्याची स्लाइड उत्तम. सायनसची भिंत बघायला माणसाची किंवा कुत्र्याची घ्या. उंदराच्या रेड पल्पमध्ये अनेक केंद्रकं एकत्र झाल्यासारखी दिसणारी प्रचंड पेशी आढळली तर दचकू नका. ती मेगाकॅरिओसाइट; उंदरात मोठेपणीही पांथरीत रक्तनिर्मिती चालू असते. माणसात ती गर्भावस्थेपुरती.

जुळ्या दिसणाऱ्या स्लाइड

टॉन्सिलला एका कडेने बहुस्तरीय एपिथेलियम (पृष्ठभाग झाकणाऱ्या पेशींचे थर) आणि त्यात आत शिरलेल्या खाचा. थायमसमध्ये खंड, प्रत्येक खंडात गडद कॉर्टेक्स आणि फिकट मेड्युला, मेड्युलात हॅसल कॉर्पसल (चपट्या पेशींची गोल वेटोळी); फॉलिकल नाहीत. लिम्फ नोडमध्ये सबकॅप्सुलर सायनस आणि फॉलिकल कडेला रांगेने. पांथरीत यापैकी काहीच नाही, फॉलिकल सगळीकडे विखुरलेली आणि प्रत्येकाजवळ धमनी असण्याची शक्यता. एवढं पुरे.

पुढच्या अभ्यासासाठी रंग

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी शक्य असेल तर एकाच ब्लॉकचे सलग सेक्शन घेऊन शेजारी-शेजारी बघावेत. सीडी३ (पेशीतली ठरावीक खूण रंगाने दाखवणारी अँटिबॉडी; पुढचे सीडी आकडेही तसेच) लावलं की टी पेशी रंगतात आणि पाल्स उठून दिसतो. सीडी२० लावलं की फॉलिकल आणि मार्जिनल झोन. साध्या रंगात जी सीमा अंदाजाने मानावी लागते ती इथे रंगानेच दिसते. सीडी२१ फॉलिक्युलर डेंड्रायटिक पेशींचं जाळं दाखवतं, सीडी६८ मॅक्रोफेज. माणसाच्या सायनसचं एंडोथेलियम सीडी८ ने रंगतं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही, कारण सीडी८ म्हटलं की डोळ्यासमोर टी पेशी येते. नुसत्या सीडी८ वरून रेड पल्पमधल्या टी पेशी मोजायला जाल तर सायनसच्या पेशीही मोजल्या जातील. सोबत सीडी३ हवंच. सायनसभोवतीच्या कड्या बघायला चांदीचा रेटिक्युलिन रंग सगळ्यात देखणा.

जर्नलमधली आकृती

आकृती ४एक्स किंवा १०एक्सची काढा, ४०एक्सची नको. आधी फिकट गुलाबी पेन्सिलीने संपूर्ण भाग भरा, मग कॅप्सूल आणि दोन-तीन ट्रॅबेक्युला गडद गुलाबी, एका ट्रॅबेक्युलात वाहिनी. त्यानंतर तीन-चार फॉलिकल जांभळ्या पेन्सिलीच्या ठिपक्यांनी; एकात जर्मिनल सेंटर फिकट सोडा, एकात मुद्दाम धमनी दाखवू नका, एक पाल्स लांबट काढा. तुमच्या स्लाइडवर दिसलं तसंच काढा. परीक्षक शेजारी उभे राहून मायक्रोस्कोपमधून बघतात तेव्हा पाठ आकृती आणि बघून काढलेली आकृती यांतला फरक त्यांना पहिल्या नजरेत कळतो. लेबलची रेघ धमनीच्या भिंतीला टेकली पाहिजे, तिच्याजवळच्या जांभळ्या भागात सोडली तर ती पाल्सची रेघ होते आणि गुण जातो.

पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, लेन्सवर बुरशी धरते आणि मार्जिनल झोनसारखे नाजूक फरक सगळ्यात आधी पुसट होतात. मायक्रोस्कोपच्या पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा, ती निळ्याची गुलाबी झाली की ओव्हनमध्ये वाळवून परत वापरा.